पुढच्या खोलीत कोणी झोपत नाही

सरकारी हिशोबाने रेनीटा पुलियमच्या घरात जागेची काही अडचण नव्हती. अडचण फक्त रेनीटाला होती. घरात माणसं पाच: ती, नवरा लिओनेल, आई ओडेसा, तेरा वर्षांची शानीस आणि अकरा वर्षांचा टायरस. सहावं पोटात, आणि ऑफिस इतकं उदार, की पोटातलंही माणसांत धरायचं. खोल्या तीन. खोलीत माणसं दोन. तीन दुणे सहा. भाड्याच्या मदतीचं व्हाउचर देणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनी हे गणित फोनवर इतक्या समाधानाने सोडवून दाखवलं, की रेनीटाला क्षणभर वाटलं आपलं अभिनंदनच चाललंय.

"पण बेडरूम दोनच आहेत," रेनीटा म्हणाली.

"आणि पुढची खोली?"

"ती पुढची खोली आहे."

"आमच्या नियमात तीही झोपायची जागा धरतात. म्हणजे घर तुम्हाला अगदी मापाचं आहे. मोठ्या घराचं व्हाउचर नाही देता येणार."

"तुमच्या नियमात धरत असतील हो. माझ्या आईच्या नियमात तिथं बसायलाही परवानगी लागते."

यात अतिशयोक्ती नव्हती. पुढच्या खोलीत ओडेसाबाईंचा सोनेरी मखमलीचा सोफा होता आणि त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, शिवून बसवलेलं. दोन खुर्च्या, त्यांनाही कव्हर. दिव्याच्या टोपीवरचा दुकानातला कागदसुद्धा अजून उतरला नव्हता. त्या सोफ्यावर बसायचा मान चर्चच्या पाद्रीबाबांना, कोणी गेल्याची बातमी घेऊन येणाऱ्यांना, आणि एकदाच, लग्नाची मागणी घालायला आलेल्या लिओनेलला. तो घामाने प्लास्टिकला असा चिकटला होता, की उठताना आवाज झाला आणि ओडेसाबाई हसल्या, म्हणून लग्न जमलं. मुलं त्या खोलीतून भिंतीला धरून जायची. खिडकीतून धूळ येते आणि टायरसचा चेंडूही येतो, म्हणून ओडेसाबाईंनी या घरात आल्या आल्या खिडकीला खिळे ठोकले आणि वरून रंगाचे दोन हात दिले. त्या खिडकीपायी मायलेकींचा दर उन्हाळ्यात एकदा तरी खटका उडायचा.

बाकीचं जग उरलेल्या दोन खोल्यांत. एकीत आजी आणि शानीस, दुसरीत नवराबायको आणि जमिनीवर गादी टाकून टायरस. पोराला ओठांवर लव फुटायला लागली होती आणि तो आईबापाच्या पायथ्याशी घोरत होता. लिओनेल ट्रक घेऊन चारचार दिवस बाहेर असे. परतला की दोघं आधी एकमेकांकडे बघत आणि मग त्या गादीकडे. तरी सहावं कसं आलं, हे ऑफिसने विचारलं नाही, एवढे उपकारच म्हणायचे. पाळणा कुठं ठेवायचा यावर घरात चर्चा झाली, तेव्हा शानीसने आंघोळीचा टब सुचवला. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी त्याचा आधीच विचार करून ठेवला होता.

आणि दुसरं घर तर मिळालं होतं. तीन बेडरूमचं, मागे अंगण, टायरसला स्वतःची खोली. व्हाउचर म्हटलं की या शहरातल्या घरमालकांची घरं जादूने भरून जात. "अरेरे, आत्ताच गेलं बघा." कोवाल्चिक म्हणून निवृत्त बसड्रायव्हर होता, त्या एकट्याने फोन ठेवला नाही. "सरकार वेळेवर पैसे देतं ना? मग मला काय," तो म्हणाला. "पण ईस्टरपर्यंतच थांबतो हं. पुढं थांबलो तर बायको मलाच भाड्याने देईल."

ईस्टरला पंधरवडाही उरला नव्हता. आजवर रेनीटा आईशी भांडत आली, की या खोलीत कोणाला तरी झोपू दे. आता तिला ऑफिसशी भांडायचं होतं, की या खोलीत कोणाला झोपवू नका. नशीब थट्टा करायला बसलं की अशी बारकाईने करतं. तिने वर अर्ज केला, हातापाया पडली, तेव्हा ऑफिसने खोली बघायला माणूस पाठवायचं कबूल केलं.

आल्या त्या मिस ब्रॉडनॅक्स, तिशीच्या आतबाहेर, हातात मोजपट्टी. ओडेसाबाईंनी त्यांना सोफ्यावर बसवलं, केक दिला. प्लास्टिक करकरलं.

"छान मोठी खोली आहे," मिस ब्रॉडनॅक्स म्हणाल्या. "दोन माणसं आरामात झोपतील."

रेनीटाने डोळे मिटले. आईचा आवाज मात्र लोण्यासारखा आला. "बाळ, तुझी आजी झोपायची का गं पुढच्या खोलीत?"

मिस ब्रॉडनॅक्सचा घास थांबला. "आजीने आम्हाला तिथं श्वाससुद्धा घेऊ दिला नाही, मॅम."

"मग?"

"मग काय, मॅम. आजी वेगळी, नियम वेगळा." त्या उठल्या आणि सोफ्यामागच्या खिडकीपाशी गेल्या. एका हाताने ढकलली. दोन्ही हातांनी ढकलली. मग वाकून बघितलं. "हिला खिळे मारलेत."

"हो," ओडेसाबाई अभिमानाने म्हणाल्या. "मीच मारलेत. चांगले लांब."

आता दंड बसणार, रेनीटाला वाटलं. आईचा सोफा, आईचे खिळे आणि पाळणा टबात. मिस ब्रॉडनॅक्स मात्र बराच वेळ काही लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "आग लागली तर इथून बाहेर पडता येणार नाही. ज्या खोलीची खिडकी उघडत नाही, ती झोपायची जागा धरता येत नाही. म्हणजे खोल्या दोनच. म्हणजे तुमच्या घरात गर्दी आहे."

जी गोष्ट रेनीटा वर्षभर घसा फोडून सांगत होती, ती खिळ्यांनी एका मिनिटात पटवून दिली. रेनीटा परवानगी न विचारता सोफ्यावर बसली.

"मात्र," मिस ब्रॉडनॅक्स म्हणाल्या, कारण ऑफिसचं कुठलंही वाक्य या शब्दाशिवाय संपत नाही, "आमचे साहेब शुक्रवारी सही करणार. खिडकी दुरुस्त करा म्हणून मालकाला कळवावंच लागतं. त्याने त्याआधी उघडून दिली, तर खोली पुन्हा झोपायची होईल."

"गिलक्राइस्ट?" रेनीटाला हसू आलं. या घरात आल्यापासून त्या माणसाने कशालाही हात लावला नव्हता. नळ गळत होता, जिन्याचा कठडा धरला की सोबत खाली यायचा, हिवाळ्यात हीटर बंद पडला तेव्हा "दोन स्वेटर घाला" असा निरोप आला होता. आयुष्यात प्रथमच तिने देवाकडे मागितलं, की बाबा, या माणसाची सवय मोडू नकोस.

देवाने ऐकलं नाही. गुरुवारी दुपारी गिलक्राइस्ट स्वतः दारात, हातात पहार. महिन्याच्या एक तारखेला न चुकता पैसे पाठवणारं सरकार हातचं जाणार म्हटल्यावर त्याला कामाचा उरक आला होता.

"खिडकी बघायची आहे," तो म्हणाला. "भाडेकरूंची गैरसोय मला बघवत नाही."

रेनीटाच्या तोंडाशी इतक्या शिव्या एकदम आल्या, की एकही बाहेर पडेना. अडवायचं तरी कुठल्या तोंडाने? दुरुस्तीला आलेल्या मालकाला हाकललं म्हणून ऑफिसने उलट तिलाच धरलं असतं.

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला. ओडेसाबाई आल्या त्या चर्चचा निळा पोशाख घालून, डोक्यावर पिसांची हॅट. गुरुवारी. त्या सरळ गेल्या आणि खिडकीपुढच्या सोफ्यावर मध्यभागी बसल्या. "मिस्टर गिलक्राइस्ट, या ना. बूट काढा."

"मॅम, पाच मिनिटांचं काम आहे, सोफा जरा सरकवला की..."

"माझ्या पुढच्या खोलीत पाहुणा काम करत नाही. बसतो. तुमच्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

गिलक्राइस्टही याच वस्तीत वाढला होता. पांढऱ्या केसांच्या, हॅट घातलेल्या बाईला नाही म्हणायची हिंमत या वस्तीत अजून कोणाला झालेली नाही, घरमालकालाही नाही. त्याने बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता. पहार दाराबाहेर राहिली आणि मांडीवर केकची बशी आली.

रेनीटा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आई बोलत होती, सावकाश, पाहुण्याशी बोलतात तसं.

"लहानपणी, तिकडे आर्कान्सॉला, आम्ही अकरा जण होतो. खोल्या दोन. दोन्हीत झोपायचे. चुलीपाशी झोपायचे, टेबलाखाली झोपायचे. माझा बाप वारला ना, तेव्हा लोक भेटायला आले आणि त्यांना बसायला अंथरुणाशिवाय जागा नव्हती. माझी आई दारात उभी राहिली, लाजेने. त्या दिवशी मी ठरवलं, माझं घर झालं की त्यात एक खोली अशी असेल, जिथं कोणी झोपणार नाही. माझ्या दारी आलेला माणूस माणसासारखा बसेल. अजून एक तुकडा घ्या."

गिलक्राइस्टने घेतला. तो नको म्हणूच शकत नव्हता. रेनीटाने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. इतके उन्हाळे ती त्या खिडकीवरून आईला घालूनपाडून बोलली होती, आणि आईने एकदाही हे सांगितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने दुसरा केक कापायला घेतला.

तीन तुकडे खाऊन आणि गोष्टीतली आर्कान्सॉची बरीचशी माणसं मरून झाल्यावर गिलक्राइस्ट उठला. बाहेर अंधारलं होतं. "खिडकीचं उद्या बघतो," तो पुटपुटला. शुक्रवारी सकाळी सही झाली. तो दुपारी आला, आपल्या मूळ स्वभावाप्रमाणे.

कोवाल्चिकच्या घरी ते ईस्टरच्या आदल्या दिवशी पोचले. टायरसने आपल्या खोलीचं दार आतून लावलं आणि जेवायलाही बाहेर आला नाही. ओडेसाबाईंनी पुढच्या खोलीत सोफा लावून घेतला, प्लास्टिक पुसलं, आणि नवीन घर तपासायला आलेल्या मिस ब्रॉडनॅक्सना खिडकी स्वतः उघडून दाखवली, तोंड वाकडं करून.

मे महिन्यात मुलगी झाली. नवीन पाळणा, नवीन खोली, आणि पोर दोन्हीकडे ठेवलं की किंचाळायचं. एका दुपारी रेनीटा दमून पडली होती ती दचकून जागी झाली, कारण घरात आवाजच नव्हता. पाळणा रिकामा. ती अनवाणीच धावली.

पुढच्या खोलीत सोफ्यावर ओडेसाबाई मान टाकून झोपल्या होत्या. छातीवर पोर झोपलं होतं आणि त्याची लाळ प्लास्टिकवरून ओघळत होती. आजीच्या श्वासाबरोबर कव्हर हळू करकरायचं, आणि त्या आवाजावर पोराचा डोळा लागला होता. खोली एक, माणसं दोन. आरामात.

रेनीटा दारातच थांबली. आत जायला तिला अजून परवानगी नव्हती.

ओडेसाबाईंनी एक डोळा उघडला.

"ऑफिसात बोलू नकोस," त्या म्हणाल्या, आणि डोळा पुन्हा मिटला.