पुढच्या चाकांचा दांडा

मित्रांनो, मी किन्नौरच्या डोंगरातली एक जुनी, बुटकी गाडी आहे. माझ्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून मी बर्फातही चढ चढते. निदान माझी ओळख तशी करून देतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग पांढराशुभ्र होता. पदमसेन नेगींनी मला गावात आणलं आणि सतरा वर्षं मी त्यांच्या बागेतली सफरचंदं सडकेपर्यंत पोहोचवली. एवढं ओझं वाहूनही मी कधी अडून बसले नाही, याचं ते पाहुण्यांसमोर कौतुक करत. पुढे त्यांची बायको गेली. ते हिवाळाभर खाली रामपूरला मुलाकडे राहू लागले आणि मी गोठ्याशेजारी उभी राहू लागले. माझ्या सीटवर कोंबड्या बसत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षी सफरचंदं उतरल्यावर त्यांनी मला विकायला काढलं आणि गावातली रतनभगती मला बघायला आली. तिचा नवरा दूर फौजेत. दीड वर्षाच्या मुलीला थंडीत दम लागायचा, आणि बर्फ पडला की गावची बस बंद. पिओच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या गावच्या, दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी तिला बर्फाआधी हवी होती.

तिने आधी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं. तेतेंनी, म्हणजे पदमसेन आजोबांनी, ती यायच्या आधीच मला सुरू करून ठेवलं होतं. उद्या येते, तोवर हिला हात लावू नका, एवढं सांगून ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी गार इंजिन कसं सुरू होतं ते तिने कान देऊन ऐकलं. मागचा धूर पाहिला. पायाखालचं रबर उचलून, गंज किती खोल गेलाय ते किल्लीने टोचून पाहिलं. चारही टायर एका मापाचे आहेत ना, तेही तपासलं.

"पोरी, गाडी बघतेयस की सून?" तेतेंनी विचारलं.

"सुनेला घाटात धक्का मारावा लागत नाही, तेते."

मग तिने चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर टाकला. तो लोण्यासारखा पडला. तेते खूश झाले. तिचं मात्र तेवढ्यावर भागेना. तिने मला बागेच्या पाटाजवळ, चिखलाच्या चढावर नेलं. मागची चाकं चिखल उडवत गरगरली. पुढची ढिम्म हलली नाहीत.

ती उतरली आणि ओढणी कमरेला खोचून सरळ माझ्याखाली आडवी झाली.

"तेते, पुढचा दांडा कुठाय?"

आमच्याकडे वसंतात जर्दाळूचा बहर ओसरला की पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारा लोखंडी दांडा काढून ठेवतात. पेट्रोल वाचतं. बर्फाआधी तो परत बसवतात. तेतेंनी तो तीन वर्षांपूर्वी काढला, मग हिवाळे रामपूरला गेले, आणि ते साफ विसरले. मला ठाऊक होतं. पण मला विचारलं कुणी?

"मी फसवलं नाही गं, विसरलो," तेते म्हणाले.

"नाही फसवलंत. पण पोरीला घेऊन मी अर्ध्या वाटेत अडकले असते, तर दोन्ही सारखंच."

तेते स्वतः माळ्यावर चढले. राजम्याच्या पोत्यांमागून दांडा काढला, पुसला, त्याला ग्रीस लावलं. गावच्या मिस्त्रीने तो बसवला. रतनभगतीने मुलीला शेजारणीकडे ठेवून मला पुन्हा त्याच चिखलात घातलं. या वेळी पुढची चाकं जमीन धरून वर चढली. तेव्हा कुठे तिने हो म्हटलं.

मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तेव्हा मालकाचं ऐका, पण गाडीलाही विचारा. गार असताना विचारा, चिखलात विचारा, कपडे मळले तरी खाली वाकून विचारा. आम्ही यंत्रं आपणहून काही सांगत नाही. आणि काढून ठेवलेली वस्तू वेळेवर जागेवर लावा. तिच्या भरवशावर उद्या कोण घराबाहेर पडेल, हे आज कळत नाही.

त्या हिवाळ्यात रतनभगती मुलीला घेऊन बर्फातून तीनदा पिओला गेली. तिन्ही वेळा आम्ही तिघी परत आलो.