बेचाळीसची रेघ

“बेचाळीसच्या पुढचं सगळं राखाडी करा,” तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यापुढे त्या वयात आपण उपचार देणार नाही. बाहेर बसलेल्यांना ते बघताक्षणी कळलं पाहिजे.”

पडद्यावर आलेख होता, इथे उपचार घेऊन आई झालेल्या बायकांच्या वयांचा. अख्खा दवाखाना तिला ‘आलेखबाई’ म्हणायचा. आकडे द्या, चित्र घ्या. आज मात्र चित्र अडून बसलं. पाच-पाच वर्षांचा एकेक खांब, आणि बेचाळीसची रेघ नेमकी एका खांबाच्या पोटातून जात होती. रंग भरावा तर खांबच्या खांब राखाडी व्हायचा. शेवटी तिने खांब मोडून दर वर्षाचा वेगळा केला, रंग कुठून कुठवर हवा ते आकड्यांत लिहिलं.

त्रेचाळीसवर एक बुटका खांब उभा राहिला.

“डॉक्टर, त्रेचाळीस वर्षांच्या एकीला मूल झालंय.”

“एकीवरून नियम होत नाही हो. तिचे हाल मी पाहिलेत.”

खरंच होतं ते. तिने मान डोलावली. गेल्याच महिन्यात तिला त्रेचाळीस पूर्ण झाली होती. आधी दिराचं शिक्षण, मग सासूबाईंचं अंथरूण; ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता वर्षं निघून गेली. आता कुठे नवऱ्याने आपणहून मुलाचा विषय काढला होता.

दुपारी त्याचाच फोन आला. “अगं, सोमवारी दवाखान्यात आपलं नाव घालायचं ना? मी रजा टाकलीये.”

“रजा मागे घ्या.”

“का गं?”

“घरी आल्यावर सांगते.”

“बरं. ये लवकर.”

संध्याकाळी तिने तो कागद बाहेरच्या भिंतीवर लावला. मांडीवर पर्स धरून बसलेली एक बाई उठून जवळ आली.

“मला मेलीला यातलं काही कळत नाही. मी कुठे आहे यात?”

“वय?”

“एकेचाळीस. हे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.”

“पुढचं वर्षबिर्ष काही नाही. आजच नाव घाला. चला.” तिने त्या बाईला नावनोंदणीच्या खिडकीपाशी नेलं, पुढच्या दोघींना विनवून रांगेत घुसवलं.

बाईचा चेहरा उजळला. “देवासारख्या भेटलात. तुम्हाला किती मुलं?”

आलेखबाई खिडकीत वाकली. आतल्या माणसाला म्हणाली, “यांना जरा बसायला खुर्ची द्या.”