कुंभारणीचं घर

“कुंभारणीचा घर मोडू नको हां, लवू. ती माती हाडता, म्हणजे घरात कोणतरी येवचा आसा.”

पंचावन्न वर्षांपूर्वीचा आईचा आवाज. पडवीच्या वाशाला कुंभारीणमाशीनं माती आणून चिखलाचं घर केलं होतं, लवूनं त्यावर काठी उगारली होती आणि आईनं जातं थांबवून त्याला अडवलं होतं. मग पुन्हा खुंट्याला हात घालून तिनं ओवी पुढं ओढली होती:

कुंभारीण बाई, तुझं मातीचं गं घर,
पाळण्याची दोरी बांधू तुझ्या भरवशावर.

त्याच वर्षी लवूला बहीण झाली.

हा आवाज आज मुलुंडच्या गाळ्यात, विमानाच्या पोटाखाली उताणं पडल्यावर कानात का यावा, ते लवू घाडीला कळेना. तेवढ्यात वरून तेलाचा थेंब आला आणि बरोबर दोन भुवयांच्या मध्ये बसला.

“गळतंय?” चंद्रप्रकाशनं वरून विचारलं.

“गळतंय कसलं, गंध लावतंय मला.” लवूनं बाहीनं कपाळ पुसलं. “मेल्याला आठवडाभर कुणी हात नाही लावला, तरी याचं रडणं चालूच.”

“लवूभाऊ, आज शेवटचं हां. आज नाही सापडलं तर इंजिन उतरवतो.”

“उतरवून?”

“भंगारात. बाकीचं न्यायचं आयटीआयमध्ये. पोरांना दाखवीन, विमानाचे पंख असे असतात म्हणून.”

चंद्रप्रकाश आयटीआयमध्ये फिटरकाम शिकवायचा. लवू त्याला मास्तरच म्हणे. नऊ वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी या भाड्याच्या गाळ्यात नकाशे पसरून दोन माणसांचं विमान बांधत होता. अॅल्युमिनियमचा पत्रा त्यानं कापला, रिव्हेटा त्यानं ठोकल्या, जुनं चार सिलिंडरचं इंजिन त्यानं सुटं करून पुन्हा जोडलं. इंजिनाचा जाणकार हवा म्हणून तो लवूकडे आला. लवूनं चौतीस वर्षं एका फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. कागदावर हेल्पर, हातानं मिस्त्री. सही साहेबांची, कान लवूचा. इंजिन सुरू झालं की साहेब वळून त्याच्याकडे बघायचे. लवूनं मान हलवली की पेन उघडायचं. त्याचं नाव मात्र कुठल्या कागदावर कधी आलं नाही.

आता गाळ्यांची ही सगळी वसाहत पाडायला निघाली होती. गुरुवारी ट्रक येणार, पंख सोडवून विमान घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर जाणार, तिथं तपासणीस बघणार. तेलानं थबथबलेलं इंजिन बघून तो बॉनेटसुद्धा उघडायला लावणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि तेल काही थांबत नव्हतं. दसऱ्यानंतर झेंडूचा हार घालून पहिल्यांदा इंजिन फिरवलं, त्या दिवशी रॉकर कव्हरखालून गळलं. नवं गॅस्केट घातलं. पुढच्या रविवारी ते कोरडं, पण खालच्या नळ्यांच्या रबरी कड्यांमधून गळलं. कडी बदलली, तर पुढं पंख्यामागचं सील ओलं. सील बदललं, तर पुन्हा रॉकर कव्हर, पण दुसऱ्या बाजूचं! चाळणीला ठिगळं लावावीत तसं चाललं होतं. बरं, रोज बघावं म्हटलं तर तीही सोय नाही. शेजारच्या टॉवरच्या कमिटीनं रविवारी अकरा वाजता दहा मिनिटं दिली होती, मोजून. दहा मिनिटं आवाज आणि मग सात दिवस नुसता विचार.

“आज पावडर आणलीय मी,” लवू बाहेर सरकत म्हणाला. “जुना उपाय. सगळं इंजिन पेट्रोलनं धुवायचं, सुकवायचं, वर पावडर शिंपडायची. तेल जिथून निघेल तिथं पहिला डाग पडतो. वाऱ्यानं ते मागं कुठं पसरलं तरी फसायला होत नाही.”

त्यानं पिशवीतून डबा काढला. नवा कोरा, झाकणावर बदकाचं पिल्लू.

“अय्या, बाळाची पावडर!” जेवणाचा डबा घेऊन आलेली चंद्रप्रकाशची बायको, रत्नप्रभा, हसली. “नातवाच्या आधी विमानालाच तीट-पावडर होय, भावोजी? श्रुतिका कशी आहे? आता दिवस भरत आले असतील.”

“बरी आहे,” लवू म्हणाला.

सहा रविवार तो हेच म्हणत होता. जूनमध्ये यांनाच पहिल्यांदा पेढे दिले होते. लग्नानंतर नऊ वर्षांनी लेकीला दिवस गेले होते. सप्टेंबरात, सातव्या महिन्यात, सगळं संपलं. घरी त्याची बायको सुनंदा त्याविषयी बोलत नाही, श्रुतिका बोलत नाही, मग बाहेर कुणापाशी तोंड उघडायचं? श्रुतिकानं हौसेनं आणलेला हा डबा कपाटात समोरच होता. काल सुनंदा एवढंच म्हणाली, “घेऊन जा तो कुठंतरी.”

“काय बरी आहे? डोहाळजेवणाला बोलावलं नाहीत, विसरले नाहीये मी,” रत्नप्रभा म्हणाली. “बारशाला नाही बोलावलंत तर बघा.”

लवूनं झाकण फिरवलं. पेट्रोलच्या वासात तो दुसरा वास मिसळला आणि त्यानं तोंड वळवलं.

अकरा वाजले. विमान ढकलून अंगणात आणलेलं, चाकांना लाकडाचे ठोकळे, शेपटी जाड दोरानं लोखंडी खांबाला बांधलेली. पांढरं झालेलं इंजिन पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखं दिसत होतं. टॉवरचा वॉचमन भिंतीवरून ओरडला, “मास्तर, दहा मिनटं हां! वर गेली ना, तर कमिटी माझी वाट लावते.”

“लाव घड्याळ,” चंद्रप्रकाश बायकोला म्हणाला आणि आत बसला.

पंखा फिरला, खोकला, मग धरला. कबुतरं उडाली. लवू बाजूला उभा राहून ऐकत होता. आवाज चांगला होता. हेच तर दुखणं होतं! आवाज एवढा गोल, एवढा तालात, आणि तरी पोट ओलं. सातव्या मिनिटाला त्यानं हात आडवा केला. इंजिन थांबलं.

दोघं वाकले. एक डाग शोधायचा होता. डाग एक नव्हताच. डाव्या कव्हरच्या कडेला, उजव्या कव्हरच्या कडेला, नळ्यांच्या तोंडाशी, सीलभोवती, इंजिनाच्या पेटीचे, केसिंगचे, दोन भाग जुळतात त्या सांध्यावर, सगळीकडे एकाच वेळी पावडर पिवळी पडत चालली होती. घाम फुटावा तशी.

चंद्रप्रकाश मटकन ठोकळ्यावर बसला.

“केसिंग गेलंय. मला माहीतच होतं. माझ्या हातून पडलं होतं ना ते बाकावरून. कुणाला बोललो नाही. त्या दिवसापासून मनात होतं, की मी याची वाट लावलीय.”

“अहो, पण चीर तर दिसली नव्हती,” रत्नप्रभा म्हणाली.

“सगळं दिसतं का, बाई? नऊ वर्षं! पोरांना शिकवतो, हात धुतल्याशिवाय सुट्या भागाला शिवू नका, आणि स्वतः...” त्यानं पाना उचलला. “लवूभाऊ, धरा इकडनं. उतरवू आत्ताच.”

लवू हलला नाही. एवढ्या सांध्यांतून एकदम घाम येतो, तेव्हा दोष सांध्यांचा नसतो. आतून कुणीतरी ढकलत असतं.

त्यानं हात लांब केला आणि तेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवलं.

फुस्स.

तेलकट वाफेचा लोट त्याच्या तोंडावर आला. कोंडलेला श्वास होता तो. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, ब्रीदर. मागून उतरते आणि विमानाच्या पोटाखाली उघडी सुटते. वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या पोराला लवू हेच शिकवायचा: गळायला लागलं की बाबा, आधी ती नळी बघ. दुसऱ्या रविवारी मास्तरनं विचारलंही होतं, “ब्रीदर बघितलात ना?” आणि लवू म्हणाला होता, “बघितला.”

बघितला होता. जुलैमध्ये.

जुलैमध्ये, बाहेर पाऊस आणि गाळ्यात दोघंच, तो आणि ती. इवल्याशा तोंडात मातीची गोळी धरून ती त्या नळीत शिरायची, बाहेर यायची, पुन्हा शिरायची. लवू फडकं घेऊन वाकला होता. मग आईचा आवाज आला होता, आणि श्रुतिकाचा पाचवा महिना होता. फडकं त्यानं खिशात घातलं. बाळ येऊ दे, मग काढू. इंजिन कुठं आत्ता सुरू व्हायचंय? मग सप्टेंबर आला, आणि त्यानंतर त्याची नजर त्या नळीवरून दरवेळी पाणी अळवावरून जावं तशी घसरत गेली.

मास्तर पहिला नट सैल करत होता. लवूच्या मनात आलं, पोटाखाली जावं, गुपचूप तार घालावी, आणि म्हणावं, सापडलं रे, माशीनं घर केलेलं. कुणाला कळणार होतं? उलट शाबासकीच मिळाली असती.

“पाना खाली ठेव, मास्तर,” तो म्हणाला. “तुझं केसिंग धडधाकट आहे.”

तो पाठीवर सरकत आत गेला. नळी पट्टीतून सोडवून घेऊन बाहेर आला आणि त्यानं तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, पण पलीकडून काही निघालं नाही. मग त्यानं तार घातली. आधी हात थांबला, पण मग त्यानं जोर केला आणि तेलानं काळी पडलेली माती त्याच्या तळहातावर गळून पडली. त्यात छोटे छोटे खण होते. एका खणात पंखांचं काहीतरी होतं. बाहेर पडायच्या आधीच थांबलेलं.

चंद्रप्रकाश बघतच राहिला. “माशी?” तो हसायलाच लागला. “च्यायला, एवढीशी माशी? सहा रविवार!”

“माशीचा दोष नाही. मी बघितलं होतं तिला. बांधताना. जुलैमध्ये.”

हसू तिथंच थांबलं. “बघितली होती? आणि काढलं नाहीत?”

“नाही काढलं.”

“लवूभाऊ, मी इंजिन भंगारात घालत होतो! रात्र-रात्र झोप नाही मला, आणि तुम्ही, तुमच्यासारखा माणूस... मी विचारलं होतं तुम्हाला!”

“विचारलं होतंस. मी बघितला म्हणालो. चूक माझी आहे, मास्तर. तुझ्या वहीत लिहितोस ना सगळं? तिथं माझं नाव घालून लिही.”

 चंद्रप्रकाशनं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. भिंतीवरून वॉचमननं विचारलं, “झालं का? आवाजाची तीन मिनटं आहेत अजून!”

रत्नप्रभा जवळ आली. तिचं माहेर सावंतवाडीकडचं. लवूच्या तळहातावर काय आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“श्रुतिकासाठी ठेवलंत ना,” ती हळूच म्हणाली. “आमच्याकडेसुद्धा कुणी मोडत नाही. बाळ घरात येईपर्यंत तर नाहीच.” मग ती थबकली. तिनं मातीकडे बघितलं, ठोकळ्याशेजारच्या बदकाच्या पिल्लाच्या डब्याकडे बघितलं. “भावोजी... मग आता कसं मोडलंत?”

लवूनं मूठ मिटली. घट्ट नाही, आतलं चुरडणार नाही एवढीच.

“बाळ सप्टेंबरातच गेलं, वहिनी,” तो म्हणाला. “मुलगी होती.”