ओलं खाली, कोरडं वर

“ओलं खाली, कोरडं वर,” बाबा म्हणाले, आणि सॅलडची पानं बरणीच्या तळाशी घालून त्यांनी वरून तेल-लिंबू ओतलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. आधी वाटलं, माझी फिरकी घेताहेत. त्यांना तशी खोड होतीच. चेहरा सरळ ठेवून थाप मारायची आणि समोरच्याने ती गिळली की चष्म्याच्या वरून बघायचं. मी वाट पाहिली. त्यांनी वर बघितलंच नाही. पानांवर काबुली चणे टाकले, त्यावर गाजर, त्यावर काकडी. झाकण लावलं, झाकणावर मार्करने ‘मंगळवार’ लिहिलं आणि पुढची बरणी ओढली. पुढच्या सगळ्या मात्र बरोबर भरल्या. म्हणून मी काही बोलले नाही. माणूस आहे, हात चुकतो, असं म्हणून चहा संपवला.

बाबा पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. मी इस्पितळात एक्स-रे काढते. लग्न केलं नाही. का नाही, ती गोष्ट वेगळी आहे आणि लांबलचक आहे. आई गेली तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो, आणि दोघांनाही धड स्वयंपाक येत नव्हता. संध्याकाळचं कसंबसं भागायचं. दुपारी मी कॅन्टीनमध्ये मिळेल ते तळलेलं खायचे. वर्षभरात रक्तातली साखर काठावर आली. तो रिपोर्ट बाबांनी तीनदा वाचला आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

मग कुठल्याशा मासिकात त्यांना एक पान सापडलं. काचेच्या बरणीत थराथराने सॅलड भरून ठेवा, फ्रीजमध्ये पाच दिवस टिकतं. तेल-लिंबू तळाशी, त्यावर गाजर-काकडीसारख्या कडक भाज्या, मग उकडलेलं कडधान्य, आणि पानं सगळ्यात वर, म्हणजे ती ओल्याला शिवत नाहीत. खायच्या वेळी बरणी हलवायची.

“अगं, हा स्वयंपाक कुठंय? हे तर स्टोअर आहे,” बाबा म्हणाले. “रबरी गॅस्केटच्या वर कधी तेलाचा डबा ठेवतात का? गळला की गॅस्केट गेलंच समज.”

त्यांना स्वयंपाक येत नव्हता, पण रचता येत होतं. दुसऱ्या दिवशी ते एकसारख्या सहा बरण्या घेऊन आले. तीन वर्षं झाली. त्यांचा एक रविवार चुकला नाही. काकडीच्या बिया काढायच्या कारण त्यांना पाणी सुटतं, चणे पुसून कोरडे करायचे, पानं पंख्याखाली अर्धा तास पसरायची. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही. मी गाजराचा तुकडा उचलला तर म्हणायचे, “मागणी लिहून दे, मग माल मिळेल.” माझी साखर उतरली. आई गेल्यापासून त्यांचे खांदे जे पडले होते, ते रविवारपुरते तरी वर यायला लागले. खरं सांगायचं तर मला त्या सॅलडचा दुसऱ्याच वर्षी कंटाळा आला होता. पण मी मरेपर्यंत तेच खाल्लं असतं.

पाच बरण्या माझ्या. सहावी तोफेची. तोफ म्हणजे माझी मैत्रीण, हाडांच्या वॉर्डातली सिस्टर. ती बोलायला लागली की वॉर्डातले प्लॅस्टरमधले पेशंटसुद्धा सरळ होतात, म्हणून सगळं इस्पितळ तिला तोफ म्हणतं. एकदा तिने माझ्या बरणीतलं चाखून बाबांना निरोप धाडला होता की मुलीवर एवढी माया आणि आम्ही काय घोडं मारलंय. तेव्हापासून दर सोमवारी झाकणावर ‘तोफ’ लिहिलेली बरणी माझ्या पिशवीत यायची.

त्या मंगळवारची बरणी मी दुपारी उघडली. पानांचा काळपट चोथा झाला होता. खाल्ला. पुढच्या आठवड्यात दोन बरण्या उलट्या भरलेल्या निघाल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. एकीत मीठ चिमटीने टाकायचं ते मुठीने पडलं होतं. तोंडाने मात्र दर वेळी तेच चालायचं, ओलं खाली, कोरडं वर. तोंडाला पाठ होतं, हाताला आठवत नव्हतं.

बाबांना काय झालंय ते मला कळत होतं. इस्पितळात नोकरी करून एवढंही कळणार नसेल तर काय उपयोग? पण कळणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. म्हटलं असतं तर डॉक्टर आले असते, तपासण्या आल्या असत्या, आणि कुणीतरी म्हटलं असतं की आता यांच्या हातात सुरी देऊ नका. मग त्यांच्याकडे काय उरलं असतं?

म्हणून मी एक युक्ती केली. रविवारी संध्याकाळी पाच वाजता बाबा बागेत जायचे, सातला परत यायचे. ते वळणावर दिसेनासे झाले की मी फ्रीज उघडायचे. चुकलेल्या बरण्या ताटात रिकाम्या करायच्या, पानं नवी घ्यायची, काकडी नवी चिरायची, सगळं नीट भरायचं, झाकणं लावायची आणि बरण्या होत्या त्याच जागी ठेवायच्या. ओटा पुसायचा. बाबा यायच्या आत मी पेपर वाचत बसलेली असायचे. दोन महिने असं चाललं. चोरी करणाऱ्याला जसा हळूहळू हातखंडा येतो, तसा मलाही आला.

बाबा त्या दिवसांत गप्प होत चालले होते. पूर्वी सोमवारी संध्याकाळी विचारायचे, कसं झालं होतं? ते विचारणं थांबलं. फ्रीज उघडून उभे राहायचे, एखादी बरणी हातात घेऊन झाकणावरून बोट फिरवायचे आणि परत ठेवायचे. मला वाटलं, आजार पुढे सरकतोय.

मग एका रविवारी मला अचानक ड्यूटीवर बोलावलं. आले तेव्हा बाबा बागेतून परतले होते आणि बरण्या त्यांनी भरल्या तशाच राहिल्या.

सोमवारी दुपारी तोफ तिची बरणी घेऊन माझ्यासमोर बसली. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची तक्रार सांगत सांगत तिने बरणी दोन-तीनदा जोरात हलवली. आत फेस चढला. काचेला चिकटून पांढरा, दाट फेस, पार झाकणापर्यंत. तिचं बोलणं मध्येच थांबलं. तिने झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं.

“साबण आहे गं,” ती म्हणाली. “भांडी घासायचा.”

आमच्याकडे तेलाची नवी बाटली ओट्याखालच्या कपाटात असते, साबणाच्या बाटलीशेजारी. दोन्ही पिवळ्या. सहाव्या बरणीला तेल संपलं असणार.

मी सगळं सांगितलं. तोफेने बरणीचं झाकण परत लावलं. एरवी तिचा आवाज जिन्यापर्यंत जातो. त्या दिवशी शेजारच्या टेबलालाही ऐकू गेला नसता.

“माझ्या पोटात गेलं असतं तर उलटी झाली असती, एवढंच. माझं सोड. पण तू झाकत बसलीस तर उद्या ते गॅसवर काय ठेवतील, स्वतः काय पितील, ते तुला कोण सांगणार? त्यांना सांग. आणि मला बरोबर यायला सांगू नकोस. हे तुझं तुलाच करायचंय.”

संध्याकाळी बाबा खिडकीशी बसले होते. मी बरणी टेबलावर ठेवली. फेस बसला होता, पाणी गढूळ झालं होतं. बाबांनी ती उचलून उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला आणि हळूच खाली ठेवली.

“कुणी खाल्लं का?”

“नाही. हलवल्यावर दिसलं.”

“तोफेची होती?”

“हो.”

त्यांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, “पहिलीच चूक नसेल ही.”

“नाही बाबा. दोन-अडीच महिने झाले. थर उलटसुलट होताहेत. मी... तुम्ही बागेत गेलात की मी परत भरून ठेवत होते.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

“झाकणं तू लावायचीस?”

“हो.”

“घट्ट लावतेस तू. मी एवढं आवळत नाही. रबर लवकर जातं.” त्यांनी चष्मा काढला. “मला दिसत होतं गं. झाकण माझ्या हाताचं नाही, काकडीचे काप माझ्या हाताचे नाहीत. चौतीस वर्षं दुसऱ्याचा हात लागलेला माल मला लांबून ओळखू यायचा. पण घरात तू आणि मी. तू पेपर वाचत बसलेली. म्हटलं, म्हणजे मीच लावलं असणार, आणि लावलेलं मला आठवत नाही. माझाच हात मला ओळखू येईनासा झाला, असं वाटलं. रोज फ्रीज उघडून बघायचो. भीती वाटायची.”

त्यांनी चष्मा पुसून परत घातला.

“बाकीचं जे चुकलं ते चुकलंच,” बाबा म्हणाले. “पण तेवढं एक मला बरोबर दिसत होतं. तू सांगितलं असतंस, तर तेवढं तरी माझ्याकडे राहिलं असतं.”

मी त्यांचं काहीतरी वाचवत होते, अशा समजुतीत दोन महिने होते. मी उठून त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ‘असू दे’ म्हणाले नाहीत. कुणाची समजूत घालायला ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत.

त्या आठवड्यात डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि सुरुवात आहे असं म्हणाले. बाबांनी फक्त एक विचारलं, “सुरुवात किती दिवस चालते?” डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. बाबा म्हणाले, “बरं.”

रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. “चार्ज घे,” म्हणाले.

कारखान्यात चार्ज देण्याची रीत त्यांनी मला समजावली. जाणारा माणूस हात मागे बांधून उभा राहतो. तो नाव सांगतो, येणारा माणूस ती वस्तू हातात घेऊन परत तेच नाव म्हणतो. जाणाऱ्याने कशालाही हात लावायचा नाही. मग आम्ही ओट्याच्या एका टोकापासून सुरुवात केली. बाबा म्हणाले, तेल. मी बाटली उचलून म्हणाले, तेल. मीठ. मीठ. सुरी, लहान. सुरी, लहान. साबणाची बाटली मी कपाटातून काढून न्हाणीघरात नेऊन ठेवली; त्यांनी मान हलवली. एका वस्तूपाशी ते अडले. ओठ हलले, शब्द येईना.

“हे... गाजराचं,” ते म्हणाले.

“किसणी,” मी म्हणाले.

“हं. ते.”

बरण्या मी भरल्या. ते स्टुलावर बसून बघत होते. चणे नीट पुसले नाहीत म्हणून एकदा टोकलं, आणि ते बरोबर होतं. सहाही झाकणांवर मी नावं लिहिली. शेवटची बरणी फ्रीजमध्ये गेली तेव्हा ते उठले, शर्टाची घडी सारखी केली आणि बाहेर जाऊन खिडकीशी बसले.

सोमवारी सकाळी मी घाईत आवरत होते. पाठीमागे चाहूल लागली. बाबा रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते.

“आत येऊ का?”

“बाबा, हे काय विचारणं झालं?”

“चार्ज दिलाय ना. मग विचारून यायचं असतं.”

थट्टा करताहेत का म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

“या,” मी म्हणाले.

ते आत आले, पाणी प्यायले, पेला धुऊन पालथा घातला, आणि दुसऱ्या कशालाही हात न लावता बाहेर गेले.