सरकारची बाजू

आमच्या कावेरीला रीतभात राहिली नाय. वकिलीच्या कॉलेजात जाऊन अजून वर्ष झालं नाय, तर नात मला घरात सांगती, "आजी, मला सरकारच्या बाजूनं बोलावं लागंल." आन् सांगायची वेळ कोणती? मी ताटावर बसलेली, पहिला घास हातात. तो घास तसाच ताटात ठेवला. ज्या सरकारनं आमचं शेत गिळलं, त्याची वकिली आमच्या मालकांच्या, तात्यासाहेबांच्या नातीनं करायची, आन् वर मलाच विचारायचं, "जाऊ का?"

ती ज्याला मूट कोर्ट म्हणती, ते म्हंजी लुटुपुटीचं कोर्ट. खटला खोटा, पक्षकार खोटे, पर समोर बसणारे जज्ज खरेखुरे असतात म्हणं. पहिल्या वर्षाच्या पोरापोरींनी नावं द्यायची, आन् मुदत आज संध्याकाळपर्यंतच. यंदाचा खटला जमिनीचा निघाला. सरकारनं कारखान्यासाठी शेत घेतलं, तिथं काय बांधलं नाय, शेतकरी परत मागतोय. मी म्हणलं, हा तर आपलाच खटला की! तवा तिनं पुढचं सांगितलं. तिथली चालच अशी की तयारी दोन्ही बाजूंची करायची. ऐनवेळी चिठ्ठी काढतात, जी बाजू निघंल तिच्याकडून बोलायचं.

"सरकारची निघाली तर सरळ घरी यायचं," मी म्हणलं. "दोन्ही तोंडांनी बोलणाराला काय म्हणतात ठावं हाय ना?"

"वकील म्हणतात, आजी."

जीभ माझ्यावर गेलीय कारटीची. एरवी हसले असते.

पर आमच्यात हसण्यासारखं काय उरलं नव्हतं. शेंद्र्याच्या वाटंला आमचं शेत हाय. गोड्या पाण्याची विहीर, बांधावर लिंब. आता भवती तारेचं कुंपण हाय आन् आत बाभळी माजल्यात. माझा लेक बद्रीनाथ कंपनीच्या बसमधून तिथूनच कामाला जातो. सून सांगती, शेत आलं की त्यो दुसऱ्या खिडकीकडं तोंड फिरवतो. मी मुकुंदवाडीच्या या दोन खोल्यांत दिवस काढले ते एकाच आशेवर, की वरच्या कोर्टात आम्ही केलेल्या अपिलाचा निकाल लागंल आन् शेत मिळंल. आमचे वकील आता फोन उचलत नायत. शेवटचं भेटले तवा म्हणले, "आजी, लई आशा धरू नका." त्याच दिवशी मी ठरवलं, घरातलाच वकील करायचा. बाप नको म्हणत होता, पर कावेरीला मी कॉलेजात घातलं. आन् तीच आता उलटी फिरली.

"मी नाय म्हणते. विषय संपला," मी म्हणलं.

पोरगी खाली बसली. रडली नाय. रडली असती तर बरं झालं असतं.

सून आशा चुलीपाशी भाकरी थापत होती. एरवी माझ्याम्होरं तोंड उघडत नाय, आज उघडलं. "आत्याबाई, वर्गात उभी राहिली की तिचा आवाज फुटत नाय. सर म्हणले, तू लिहायचं बघ, बोलणं तुझं काम नाय. सगळी पोरं हसली. नाव दिलं नाय तर ती पुन्हा कधी उभी राहणार नाय. कॉलेज सोडीन म्हणती."

कॉलेज सोडलं की आमचं सगळंच गेलं. पर हट्ट मोडायचा म्हंजी मान खाली घालायची, आन् ती सवय मला नाय.

मी हात धुतला. खाटेवर जाऊन बसले, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ऊठ. मी जज्ज. बोल सरकारच्या बाजूनं. बघू तुझी जीभ कशी उचलती."

ती उभी राहिली. "माय लॉर्ड..." म्हणली आन् अडकली.

"मोठ्यानं! सरकारला घसा नाय का?"

"माय लॉर्ड, लोकांच्या कामासाठी जमीन घ्यायचा सरकारला अधिकार आहे."

"लोक म्हंजी कोण? मी लोक नाय?"

"आहात. म्हणून तर नोटीस दिली. हरकत घ्यायला मुदत दिली."

"तिथं बाभळी उगवल्यात गं! काय केलं तुझ्या सरकारनं?"

"कायदा बाभळी मोजत नाही, माय लॉर्ड. ताबा कधी गेला एवढंच विचारतो. ताबा गेला की जमीन सरकारची झाली."

"ताबा जबरीनं घेतला!" मी ओरडलेच.

तिनं माझ्याकडं बघितलं. मंग जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. एक शब्द अडखळला नाय.

"जबरीनं? ताबा घ्यायला माणसं आली तेव्हा शेतमालकानं लिंबाखाली सतरंजी टाकली. मालकिणीनं पुरणाचा सैपाक केला. पोळीवर तुपाची धार धरली. जेवणं झाल्यावर मालकानं विडे दिले आणि पंचनाम्यावर सही केली. माय लॉर्ड, जबरीनं ताबा घेणाराला कुणी पुरणपोळी वाढतं का?"

आशाचा भाकरीवरचा हात थांबला.

ही गोष्ट माझीच. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी ती छाती काढून सांगितलेली. सरकार शेत न्यायला आलं, आन् आम्ही त्याला उपाशी धाडलं नाय. "बांधावर आलेला माणूस जेवल्याबगर जात नसतो, मंग त्यो यम का असंना," असं तात्यासाहेब म्हणायचे. कावेरीला तर मांडीवर घेऊन ऐकवलेली. आमची इज्जत होती ती. तिकडून बघितलं तर ती अशी दिसती, हे आजवर कुण्या वकिलानं सांगितलं नव्हतं.

"त्यो पाहुणचार होता," मी म्हणलं.

"कोर्टाला पाहुणचार कळत नाही, माय लॉर्ड. ताबा राजीखुशीनं दिला, एवढंच कळतं."

बोलली आन् तिथंच मटकन बसली, माझे पाय धरले. "आजी, मला असं म्हणायचं नव्हतं. मी नाव देत नाय. नाय जात कुठं. तू ताट घे आधी."

मी उत्तर शोधत होते. लिंबापासून विहिरीपर्यंत मनानं सगळं शेत पालथं घातलं, उत्तर घावलं नाय. शेत गेलं असं आजवर मी कधी म्हणलं नव्हतं. अडकलंय, म्हणायचे.

"पाय सोड," मी म्हणलं. "जज्जाचे पाय धरत नसतात. निकाल ऐक. शेत गेलं. तुझ्या आजीनं तुपासकट वाढून दिलं. आता तोंड धू, आन् संध्याकाळच्या आत नाव देऊन ये. सरकारची चिठ्ठी निघाली तर आत्ता बोललीस तसंच बोल, माझी कीव करून एक शब्द गाळू नको. आन् शेतकऱ्याची निघाली, तर या पुरणपोळीला काय उत्तर द्यायचं ते तू शोध. मला घावलं नाय."