फुटलेल्या चाकातली जाळी

नगरच्या एमआयडीसीत श्रीमंतचा ओतकामाचा छोटा कारखाना होता. तिथे कडबा कापणाऱ्या कडबाकुट्टी यंत्राची चाकं बनत. एके दिवशी खर्ड्याहून फोन आला, "तुमचं चाक फिरता फिरता फुटलं!" तुकडा लागून यंत्रावर काम करणाऱ्या रंगुबाईंचा खांदा फाटला होता.

श्रीमंतला लगेच त्याच्या कामगाराचा, परवेझचा, संशय आला. ओतकामाचे वाळूचे साचे तोच भरायचा. "चांगलं भंगार बाहेर विकून हा भट्टीत कचरा टाकतो," श्रीमंत बायकोला म्हणाला. तो परवेझची पिशवी तपासू लागला, त्याच्या फोनकडे कान लावू लागला. परवेझ कुणाशी हसून बोलला, तरी श्रीमंतला कट शिजतोय असं वाटे!

बायको सविता धातुशास्त्र शिकलेली. माल तपासायचं काम तीच बघे. "माणसाची झडती घेताय," ती म्हणाली, "फुटलेला तुकडा पाहिलात का?"

दोघं खर्ड्याला गेली. रंगुबाईंनी तुकडा पुढे केला. "मानंवर बसला असता तर मी आज दिसले नसते," एवढंच त्या म्हणाल्या.

तुकड्यावरचा रंग तुळतुळीत होता. फुटल्या जागी मात्र अनारशासारखी जाळी!

"लोखंड नेहमीचंच आहे, कचरा नाही," सविता म्हणाली. "पण साच्यात ओल जास्त होती. लोखंडाचा तापलेला रस पडताच पाण्याची वाफ झाली आणि बुडबुडे आत अडकले. पोकळीत लोखंडच नाही, मग सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो. तडा तिथूनच जातो."

"म्हणजे परवेझनंच..."

"परवेझ म्हणाला होता, 'शेठ, साचे ओले हायत, आज ओतू नका.' 'ओत! ऑर्डर थांबत नाही!' असं कोण ओरडलं? आणि मीही वरवर पाहून माल सोडला."

श्रीमंतची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो म्हणाला, "परवेझभाई, चूक माझी. वर तुमच्यावरच आळ घेतला."

परवेझ म्हणाला, "माफीचं नंतर बघू, शेठ. त्या दिवशीची बाकीची चाकं आधी परत आणू."

टेम्पो निघाला. कोल्हारला शेतकरी हनुमंतराव चाक देईनात. "चांगलं चाललंय की!" परवेझनं नवं चाक समोर ठेवलं आणि जुन्यावर घण घातला. चाक दुभंगलं. आत तीच जाळी! हनुमंतरावांची सून रोज त्याच चाकाशेजारी उभी राहायची. तिनं हातातली वैरणीची पेंढी खाली ठेवली.

वाचकहो, काही बिघडलं की आपण आधी माणूस धरतो, कारण शोधत नाही. वेळेवर 'थांबा' म्हणणाऱ्यावरच संशय घेतला, तर उद्या 'थांबा' म्हणायला कोण धजेल?