नव्या बँडची भरती

बेनिरासा गावात दोन बँड. एक जुना आणि एक नवा. नव्याला शंभर वर्षं उलटून गेली, तरी तो नवाच, कारण जुना त्याच्याही आधीचा. दोन बँड म्हणजे दोन सभागृहं, दोन बार आणि जन्मापासून दोहोंत वाटली गेलेली माणसं. पोराचं नाव काय ठेवायचं यावरून तिथे आईबाप भांडतील, पण ते कुठल्या बँडचं हा प्रश्नच नाही. संगीताच्या नावाने इतकं वैर, आणि तेही इतकं लाडाने जोपासलेलं, मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

एम्पार नव्या बँडची. सभागृह बांधताना तिच्या बापाने खांद्यावरून विटा वाहिल्या होत्या. ती स्वतः ट्यूबा, म्हणजे फुंकून वाजवायचा भलामोठा पितळी भोंगा, वाजवायची, सकाळी बेकरीत पाव विकायची आणि उरलेला सगळा वेळ मंडळाची अध्यक्ष असायची. नवरा चिमो मात्र जुन्या बँडच्या घरातला. त्याचे तिन्ही भाऊ तिकडे वाजवायचे. लग्नाच्या दिवशी दोन्ही बँड चर्चबाहेर उभे राहिले आणि एकाच वेळी दोन वेगळ्या चाली वाजवत बसले, तेव्हापासून त्या घरात संगीताचा विषय बंद. सांता सेसिलियाच्या सणाला बायको ट्यूबा घेऊन एका बाजूला जाई आणि नवरा टोपी घालून दुसऱ्या बाजूला.

सेसिलिया ही वादकांची संत. तिच्या दिवशी बँड निशाण घेऊन निघतो आणि यंदा नव्याने सामील होणाऱ्याला त्याच्या घरून वाजतगाजत आणतो. घरच्यांनी दारात टेबल मांडलेलं असतं, त्यावर गोड दारू आणि रताळ्याच्या करंज्या. ज्या दारात टेबल दिसेल तिथे न वाजवता पुढे जायचं नाही, आणि वाद्य घेऊन उंबरा ओलांडला तो जन्मभराचा आपला, हा तिथला कायदा. कुठे लिहिलेला नाही, म्हणून मोडायचीही सोय नाही.

यंदा नव्या बँडकडे आणायला कुणीच नव्हतं. तरणी पोरं शहरात गेली होती. बँडमास्तर योरेन्स हा काटेकोर माणूस. त्याने एम्पारला सरळ सांगून टाकलं होतं, की ज्या बँडकडे कुणी येत नाही त्याच्यासमोर मी छडी धरणार नाही. हा सेसिलियाचा सण शेवटचा. नंतर जुन्यात मिसळून जा. जुने तर हात पसरून बसलेच होते. एम्पारला वाटलं, यापेक्षा मला बापाशेजारी पुरून टाका.

त्यातच एका सकाळी बेकरीच्या रांगेत जुन्या बँडची एक बाई गोड आवाजात म्हणाली, "यंदा निशाण कुणाच्या दारात न्यायचं, एम्पार? स्मशानाच्या?"

"आमचा एक नवा येतोय," एम्पार म्हणाली. "कळेलच."

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली आणि संध्याकाळी पैजा लागल्या. आता माणूस आणायचा कुठून? एम्पार दारोदार फिरली. प्रत्येकाला एकट्याला गाठून गळ घातली, की एका दिवसापुरतं वाद्य हातात धर आणि गाल फुगव, बाकी आम्ही बघतो. खाटीक बेर्नाट म्हणाला, मला फुंकून चूलसुद्धा पेटवता येत नाही. म्हाताऱ्या ओब्दूलिया तियाने, म्हणजे गावाच्या मावशीने, माझे निम्मे दात पेल्यात असतात, कशाच्या जोरावर फुंकू, असं विचारलं. केस कापणारी रोसेर नुसती हसत सुटली. शाळामास्तर म्हणाले, खोटेपणाचा धडा मी पोरांना कुठल्या तोंडाने देऊ. सगळीकडून नन्नाचा पाढा.

रात्रीच्या जेवणाला चिमोने तीस वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला.

"कोण आहे तुमचा नवा?"

"बँडचं गुपित आहे ते."

"म्हणजे कुणी नाही."

मग एम्पारचा बांध फुटला. तिने सगळं सांगितलं, रडली, ताटातला भात खारट करून ठेवला. चिमोने आपल्या ताटात आणखी भात वाढून घेतला आणि खात राहिला. या माणसाशी आपण लग्न का केलं, असं तिला त्या रात्री खरंच वाटलं.

सणाच्या सकाळी तिने ठरवलं होतं, की गावातून एक फेरी काढायची आणि चौकात उभं राहून खरं सांगून टाकायचं. बँड निघाला. शेवटच्या रांगेत ट्यूबाच्या ओझ्याखाली ती चालत होती. पहिला कोपरा वळला आणि निशाणवाला थबकला. बेर्नाटच्या दारात टेबल मांडलं होतं.

बेर्नाट लग्नातल्या सुटात उभा. सूट आता कुठेच बसत नव्हता. हातात आजोबांचं कॉर्नेट. तिथे घरोघरी कपाटावर कुणातरी गेलेल्या माणसाचं वाद्य धूळ खात पडलेलं असतंच. बँडने चाल वाजवली, करंज्या संपवल्या, पेले रिकामे केले. बेर्नाट एम्पारच्या कानाशी लागला, "तुझं नाक कापलं जाताना बघवलं नसतं. पण एकच दिवस हं." एम्पारला त्याला मिठी मारायची होती, पण मध्ये ट्यूबा आला.

पुढच्या गल्लीत ओब्दूलिया तियाचं टेबल. ती नवऱ्याचा ट्रॉम्बोन घेऊन उतरली. दर पावलाला त्याची नळी घसरून बाहेर यायची आणि पुढच्या माणसाला ढोसायची. नंतर रोसेर. नंतर शाळामास्तर, मान खाली घालून. त्यांच्यापुढे दोन सख्खे भाऊ, एकमेकांशी वर्षानुवर्षं अबोला धरलेले, पण घरात ढोल एकच, म्हणून तो दोन्हीकडून धरून उभे. एम्पारची लाज एकटा मीच राखतोय, असं प्रत्येकाला वाटलं होतं. दुसरा दिसला की आधी तोंड वाकडं व्हायचं, मग गोड दारूचा घोट पोटात गेला की हसू फुटायचं.

दर दारात एक पेला आणि न वाजवता पुढे जायचं नाही. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. क्लॅरिनेटवाले एक चाल वाजवत होते, तुताऱ्या दुसरी, आणि बासरीवालीचा एक बूट गटारात गेला तरी ती वाजवतच होती. बाल्कन्यांतून लोक टाळ्या पिटत होते. नवरदेव हरवलेल्या वरातीसारखं ते सगळं डुलत डुलत एम्पारच्या गल्लीत शिरलं, आणि तिच्याच दारात टेबल.

चिमो नव्या शर्टात उभा होता. हातात पितळी झांजा. त्या जुन्या बँडच्या खोलीतून उचलून आणल्या होत्या हे सगळ्या गल्लीला दिसत होतं, कारण वर नावच कोरलेलं.

एम्पारने ट्यूबा खाली ठेवला. "तुझे भाऊ तुला दारात उभं करणार नाहीत, चिमो."

"नको करू देत," तो म्हणाला. "झोपायला तर तुझ्याचकडे येतो ना."

त्याने सगळ्यांसमोर उंबरा ओलांडला. एम्पार चाल वाजवायची विसरली. ती नुसती रडत होती आणि कुणीतरी तिच्या तोंडात करंजी कोंबली.

संध्याकाळी सभागृह ओसंडून वाहत होतं. जुन्या बँडचे लोकसुद्धा आपल्या झांजा बघायला मागे येऊन उभे राहिले. नव्या वादकांनी पहिल्या चालीत वाजवायचंच असा रिवाज, म्हणून योरेन्सने एम्पारला बाजूला घेतलं आणि विचारलं, यांतल्या किती जणांना वाजवता येतं?

"एकालाही नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. ते झाकायला आलेत सगळे."

योरेन्सने नव्यांना रांगेत बसवलं आणि बजावलं, की अगदी शेवटी मी हात वर करीन, तेव्हा जो निघेल तो एक सूर काढा. त्याआधी हूं की चूं नको.

चाल छान रंगली. जुने लोकही माना डोलवू लागले. आणि मध्यावर, अगदी नाजूक जागी, योरेन्सने कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला.

सगळ्या रांगेने एकदम फुंकलं. काय निघालं ते सांगता येत नाही. शाळामास्तर डोळे मिटून फुंकत राहिले, दोघा भावांनी ढोल दोन्हीकडून बडवला, ओब्दूलिया तियाच्या ट्रॉम्बोनची नळी सुटून सरपंचाच्या मांडीवर पडली, आणि सगळं शांत झाल्यावर चिमोने, जरा उशिरा, एकट्याने, पूर्ण जोर लावून झांजा आदळल्या.

लोक खुर्च्यांवरून कोसळत होते. योरेन्सने छडी खाली केली आणि बँड थांबवला. भर कार्यक्रमात कुठलाच बँडमास्तर थांबवत नाही. हळूहळू हसणं विरलं. एम्पारला कळलं, हा आता उतरून जाणार, आणि बँड संपला.

तो रांगेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. लाल झालेला बेर्नाट, ट्रॉम्बोन सावरणारी तिया, दुसऱ्याच्या झांजा छातीशी धरलेला चिमो.

"पुन्हा," योरेन्स म्हणाला. "पहिल्यापासून. आज नाही आलं तर उद्या संध्याकाळी इथेच. परवाही. येईपर्यंत रोज. मी कुठे जात नाहीये."

त्याने छडी उचलली. सगळ्यांनी वाद्यं ओठांना लावली. एम्पारनेही लावला, पण हसऱ्या तोंडाने ट्यूबा वाजत नाही, आणि तिला काही केल्या तोंड मिटता येईना.